सर्व्हरवर अँटिव्हायरसचं सायलेंट इन्स्टॉल: रात्री सोडून घरी जाण्याआधी

रात्री साडेअकराला अँटिव्हायरस बसवणारा शेड्युल्ड टास्क सुटला. सकाळी आठला लॉगिन केलं तर टास्क अजून ‘रनिंग’. टास्क मॅनेजरमध्ये सेटअपची प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य, आणि लॉगमधली शेवटची ओळ ११:३२ची. नंतर तोच सेटअप टेस्ट मशीनवर हाताने चालवला तेव्हा उलगडा झाला. पडद्यावर एक चौकोन आला: जुनं अँटिव्हायरस सापडलं आहे, काढायचं का? रात्रभर सर्व्हरवर हाच चौकोन उघडा होता आणि ‘यस’ दाबायला कोणी नव्हतं.

कोणी समोर बसलं असतं तरी तो दिसला नसता. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून विंडोजने सर्व्हिसेसना (मागे चालणाऱ्या प्रोग्रामना) सेशन झिरो नावाच्या वेगळ्या, आपल्याला न दिसणाऱ्या सत्रात कोंडलं आहे. सिस्टिम अकाउंटने (विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याने) चालवलेला इन्स्टॉलर डायलॉग उघडतो तो तिथे, आणि आपण लॉगिन करतो ते दुसऱ्या सेशनमध्ये. म्हणजे सायलेंट (पडद्यावर काही न विचारता होणारं) इन्स्टॉल करायचं तर इन्स्टॉलर विचारू शकेल अशा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी देऊन ठेवायचं, आणि काम झालं की नाही हे त्याच्या गप्प बसण्यावरून ठरवायचं नाही. कमांड एका ओळीची असते. वेळ जातो तो तिच्या आधी आणि नंतर.

खालची पद्धत मुख्यतः विंडोज सर्व्हरसाठी आहे, शेवटाकडे लिनक्सचंही बघू. कमांड आणि स्विच (कमांडपुढे द्यायचे पर्याय) उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

आधी यादी

एक्सेलची शीट उघडा. सर्व्हरचं नाव, ओएस, त्यावर काय चालतं, कोणाचा आहे, रीस्टार्ट कधी चालेल, सध्या कोणतं अँटिव्हायरस आहे, सी ड्राइव्हवर जागा किती. ‘कोणाचा आहे’ हा रकाना भरताना सगळ्यात जास्त फोन करावे लागतात, पण तो रिकामा ठेवून पुढे जाऊ नका. दुपारी तीनला बिलिंग अडकलं की फोन कोणाचा येणार, ते त्याच रकान्यात असतं.

सध्या काय बसलेलं आहे हे शोधताना एक सापळा आहे. नेटवरच्या बऱ्याच स्क्रिप्ट विन३२_प्रॉडक्ट हा डब्ल्यूएमआय (विंडोजला मशीनची माहिती विचारायची सोय) क्लास वापरतात. तो नुसता वाचत नाही. मशीनवरचं प्रत्येक एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरचं) पॅकेज नीट आहे का ते तपासत सुटतो आणि कुठे बिघाड वाटला तर रिपेअरही सुरू करतो. चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर हे नको. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातली) ‘अनइन्स्टॉल’ की वाचा, ६४ बिटची आणि ३२ बिटची वाऊ६४३२नोडखालची, दोन्ही. काही सेकंदांत उत्तर मिळतं आणि कशाला धक्का लागत नाही.

दुसरा मुद्दा डिफेंडरचा, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या अँटिव्हायरसचा. विंडोज १० किंवा ११वर दुसऱ्या कंपनीचं अँटिव्हायरस बसलं की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. सर्व्हर २०१६ आणि पुढच्या सर्व्हर आवृत्त्यांत तसं होत नाही. तिथे दोन्ही इंजिनं एकाच फाइलवर तुटून पडतात आणि तक्रार येते, ‘नवीन अँटिव्हायरसमुळे सर्व्हर स्लो झाला’. डिफेंडरचं फीचर काढायचं की त्याला पॅसिव्ह मोडमध्ये ठेवायचं हे आधी ठरवा आणि स्क्रिप्टमध्येच लिहा. मात्र क्रम जपा. जुनं अँटिव्हायरस काढून नवीन चालू होईपर्यंत डिफेंडर जागा हवा, त्याला निरोप सगळ्यात शेवटी.

तिसरं, एक्सक्लूजन, म्हणजे अँटिव्हायरसने न तपासायच्या फाइली आणि फोल्डर. एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ फाइली, डोमेन कंट्रोलरवरचा (‘डीसी’, नेटवर्कची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) एनटीडीएस डेटाबेस आणि सिसव्हॉल, हायपर-व्हीच्या व्हर्च्युअल डिस्क. सर्व्हरच्या भूमिकेप्रमाणे कन्सोलवर (अँटिव्हायरसच्या मध्यवर्ती नियंत्रण पानावर) ग्रुप पाडा, ग्रुपला पॉलिसी लावा आणि एजंट (सर्व्हरवर बसणारा त्याचा भाग) बसतानाच त्या ग्रुपमध्ये जाईल अशी सोय करा. ‘आधी बसवू, एक्सक्लूजन उद्या टाकू’ म्हणालात तर डेटाबेसवाल्यांची रात्र तुमच्या नावावर जमा होते.

पॅकेज हातात आल्यावर

सेक्राइट असो, सोफॉस असो की आणखी काही, बहुतेक एंटरप्राइज प्रॉडक्टमध्ये इन्स्टॉलर कन्सोलवरून उतरवता येतो. तो थेट तिथूनच घ्या, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली झिप नको. पॉवरशेलमध्ये गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर चालवून सही ‘व्हॅलिड’ आहे आणि सही करणारी कंपनी तीच आहे हे बघा. गेट-फाइलहॅशने एसएचए२५६ हॅश (फाइलचा ठसा) काढून शीटमध्ये नोंदवा. पुढे प्रत्येक सर्व्हरवर कॉपी झालेली फाइल याच हॅशशी ताडायची आहे. अर्धवट कॉपी झालेल्या एमएसआयने मी एकदा दोन तास खाल्ले आहेत.

फाइल एमएसआय असेल तर स्विच ठरलेले असतात. ईएक्सई असेल तर ती कशाने बांधली आहे यावर सगळं अवलंबून. एनएसआयएसने बांधलेल्याला ‘/एस’ लागतो आणि तोही कॅपिटल, स्मॉल दिला तर तो सरळ विंडो उघडतो. इनो सेटअपला ‘/व्हेरीसायलेंट’ आणि सोबत ‘/सप्रेसएमएसजीबॉक्सेस’. दुसरा विसरलात तर मेसेज बॉक्स येतातच, आणि माझा रात्रीचा चौकोन असाच आला होता. जुन्या इन्स्टॉलशील्डला ‘/आर’ देऊन एकदा हाताने इन्स्टॉल करायचं, आपण दिलेली उत्तरं तो एका आयएसएस फाइलमध्ये टिपून घेतो, मग ‘/एस’ने तीच फाइल वाचून गुपचूप बसतो. पण मूळ टिपणाच्या वेळी न आलेला प्रश्न दुसऱ्या मशीनवर उद्भवला की तो अडखळतो. जुनं अँटिव्हायरस असलेलं एक आणि नसलेलं एक, अशी दोन्ही टेस्ट मशीन म्हणूनच लागतात.

बहुतेक एजंटना कोणत्या खात्यात नोंद करायची ते सांगणारं टोकन किंवा कस्टमर आयडी लागतो. हे टोकन कमांड लाइनमध्ये दिलं की ते दोन ठिकाणी उरतं. एक, एमएसआयच्या सविस्तर लॉगमध्ये, जर पॅकेज बनवणाऱ्याने ती प्रॉपर्टी लपवली नसेल तर. दोन, प्रोसेस ऑडिटिंगमध्ये कमांड लाइन नोंदवणं चालू असेल तर सिक्युरिटी लॉगच्या इव्हेंट ४६८८मध्ये. म्हणून शक्य असेल तर मुदतीचं टोकन घ्या आणि काम संपलं की रद्द करा. अनइन्स्टॉल पासवर्ड तर स्क्रिप्टमध्ये कधीच नको.

कमांड

एमएसआयएक्झेक /आय "सी:\स्टेज\एजंट.एमएसआय" /क्यूएन /नोरीस्टार्ट /एल*व्ही "सी:\स्टेज\एजंट.लॉग" टोकन=अबक१२३

‘/क्यूएन’ म्हणजे पडद्यावर काहीही नको. ‘/क्यूबी’मध्ये छोटा प्रोग्रेस बार येतो, हाताने चाचणी घेताना तो बरा. ‘/नोरीस्टार्ट’ विसरू नका, कारण पूर्ण सायलेंट मोडमध्ये रीस्टार्ट हवा असला तर इन्स्टॉलर विचारत बसत नाही, तो रीस्टार्ट मारून मोकळा होतो. ‘/एल*व्ही’ सविस्तर लॉग देतो. हा लॉग हजारो ओळींचा असतो आणि वाचायची युक्ती एकच: ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि तिथून वर सरका. खरं कारण बहुधा त्याच्या पाच-दहा ओळी वर असतं. लॉगच्या शेवटी जे लिहिलेलं असतं ते नुसतं रडगाणं.

स्क्रिप्टमध्ये काय हवं

वरची ओळ पॉवरशेलमध्ये तशीच टाकली तर एमएसआयएक्झेक मागे चालू राहतो आणि स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाते. मग एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो निकालाचा आकडा) चुकीचा, आणि त्यावर बांधलेला रिपोर्टही चुकीचा. स्टार्ट-प्रोसेस वापरून ‘-पासथ्रू’ने प्रोसेस हातात घ्या. ‘-वेट’ लावायचा मोह होईल, पण तो फक्त इन्स्टॉलरसाठी थांबत नाही, इन्स्टॉलरने उघडलेल्या पोर-प्रोसेससाठीही थांबतो. सेटअपने घड्याळाशेजारचा आयकॉन सुरू केला की स्क्रिप्ट लटकली. त्यापेक्षा वेटफॉरएक्झिटला मिलिसेकंदांत मुदत द्या, वीस मिनिटांसाठी १२,००,०००. आणि प्रोसेस सुरू केल्याबरोबर तिची हँडल प्रॉपर्टी एकदा वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. विंडोज पॉवरशेल ५.१मध्ये हे केलं नाही तर शेवटी एक्झिट कोड रिकामा येतो. हे बारकं वाटेल, पण ‘सगळे सर्व्हर फेल’ असा रिपोर्ट पाहून माझा घाम निघालेला आहे, आणि प्रत्यक्षात सगळे पास होते.

मुदत संपली तर प्रोसेस आंधळेपणाने मारू नका. सिक्युरिटी सॉफ्टवेअर कर्नलमध्ये (ओएसच्या गाभ्यात) ड्रायव्हर बसवतं. ते अर्धं बसलेलं असताना मारलं तर पुढच्या रीस्टार्टला काय होईल याची खात्री देता येत नाही. ‘टाइमआउट’ अशी नोंद करा, स्वतःला मेल पाठवा, थांबा.

इन्स्टॉलच्या आधी स्क्रिप्टने चार गोष्टी बघायच्या. एजंट आधीच बसलाय का, असेल तर मुकाट बाहेर पडायचं, म्हणजे तीच स्क्रिप्ट दहा वेळा चालली तरी नुकसान नाही. जागा आहे का. फाइलचा हॅश जुळतो का. आणि आधीचा रीस्टार्ट बाकी आहे का, त्यासाठी रजिस्ट्रीत कंपोनंट बेस्ड सर्व्हिसिंगखालची रीबूटपेंडिंग, विंडोज अपडेटखालची रीबूटरिक्वायर्ड आणि सेशन मॅनेजरमधली पेंडिंगफाइलरिनेमऑपरेशन्स. बाकी असेल तर त्या रात्री तो सर्व्हर सोडा.

एक्झिट कोड आला की:

० म्हणजे झालं.
३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट हवा. ही एरर नाही. अनेक स्क्रिप्ट याला फेल धरून पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात.
१६४१ म्हणजे झालं आणि रीस्टार्ट सुरूसुद्धा झाला. ‘/नोरीस्टार्ट’ असताना हा दिसला तर पॅकेजच उर्मट आहे.
१६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉल चालू आहे, बहुधा विंडोज अपडेट. दोन मिनिटं थांबून पुन्हा, असं पाच वेळा.
१६१९ म्हणजे पॅकेज उघडता आलं नाही. पाथ, परवानगी किंवा फुटलेली फाइल.
१६०३ म्हणजे काहीही. लॉग उघडा.

३०१० आलेले सर्व्हर वेगळ्या यादीत टाका आणि त्याच मेन्टेनन्स विंडोमध्ये रीस्टार्ट करा. रीस्टार्ट होईपर्यंत फाइल फिल्टर ड्रायव्हर (फाइलींची ये-जा तपासणारा) लागलेला नसू शकतो. अशा वेळी सर्व्हिस चालू दिसते आणि फाइली मात्र बिनधास्त ये-जा करतात. ‘एफएलटीएमसी’ ही कमांड लागलेल्या फिल्टर ड्रायव्हरची यादी देते. नवीन ड्रायव्हर तिथे दिसायला हवा आणि जुन्याचा दिसता कामा नये.

सर्व्हरपर्यंत पोचवणं

इन्स्टॉलर नेटवर्क शेअरवर ठेवून तिथूनच चालवायचं असेल तर सिस्टिम अकाउंट नेटवर्कवर मशीनच्या कम्प्युटर अकाउंटने ओळखलं जातं. म्हणून शेअरवर ‘डोमेन कम्प्युटर्स’ ग्रुपला रीड द्यायची पद्धत आहे. पण डोमेन कंट्रोलर त्या ग्रुपमध्ये नसतात, त्यांचा ग्रुप ‘डोमेन कंट्रोलर्स’. परिणामी बाकी सगळं हिरवं आणि नेमके डीसी १६१९ देऊन बसलेले. दोन्ही ग्रुपला परवानगी द्या. आणि राइट कोणालाही नको. त्या शेअरवरची फाइल बदलता येणारा माणूस तुमच्या सगळ्या सर्व्हरचा ॲडमिन झालाच म्हणून समजा.

पॉवरशेल रिमोटिंगने, म्हणजे पोर्ट ५९८५ किंवा ५९८६वरून, जात असाल तर डबल हॉप आडवा येतो. तुम्ही पहिल्या सर्व्हरवर पोचता, पण तिथून शेअरकडे जाताना तुमची ओळख सोबत जात नाही आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. क्रेडएसएसपी (तुमची ओळख पुढच्या सर्व्हरकडे सोपवायची सोय) चालू करण्याचा सल्ला कोणीतरी देईल, तो घेऊ नका. आधी फाइल सर्व्हरच्या डिस्कवर कॉपी करा, मग तिथूनच चालवा. वरच्या कमांडमध्ये ‘सी:\स्टेज’ आहे ते यासाठीच.

लिनक्सवर

इथे चौकोन येत नाही, टर्मिनलमध्ये निळा पडदा येतो आणि तोही उत्तर मागतो. डेबियन-उबुंटूवर ‘डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह’ लावलं की डेबकॉन्फचे (पॅकेज बसताना विचारले जाणारे) प्रश्न थांबतात. मात्र हा व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून नंतर सुडो (ॲडमिनच्या हक्काने चालवणारी कमांड) मारला तर सुडो त्याला सहसा उंबऱ्यावरच ठेवतो. लिहायचं ते सुडोच्या नंतर आणि एपीटी-गेटच्या आधी. कॉन्फिग फाइल बदललेली असेल तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारं साधन) वेगळा प्रश्न विचारतो, त्यासाठी ‘--फोर्स-कॉन्फोल्ड’, म्हणजे आपली जुनी फाइल ठेव. उबुंटू २२.०४ सर्व्हरवर नीडरीस्टार्ट कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करू असं विचारत थांबतो, त्याला ‘नीडरीस्टार्ट_मोड=ए’ दिला की तो आपणहून करतो. डेटाबेस असलेल्या सर्व्हरवर ‘ए’ऐवजी ‘एल’ द्या, तो फक्त यादी दाखवतो.

नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उठल्याबरोबर स्क्रिप्ट चालली तर एपीटी लॉकवर (एका वेळी एकच इन्स्टॉल चालू देणाऱ्या कुलुपावर) आपटते, कारण त्याच वेळी अनअटेंडेड-अपग्रेड्सचं काम चालू असतं. लॉक फाइल डिलीट करण्याचा उपाय नेटवर सापडेल. तो म्हणजे चालत्या रेल्वेचे रूळ काढणं. एपीटीला ‘डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=३००’ द्या, तो पाच मिनिटं वाट बघेल.

क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसचं उदाहरण घेऊ, ते फुकट आहे आणि कोणीही करून बघू शकतं. एपीटीने क्लॅमएव्ही-डीमन बसतं, एक्झिट कोड शून्य येतो, आणि तरीही डीमन (मागे चालणारी सर्व्हिस) चालू नसतो. कारण त्याला सिग्नेचरचा डेटाबेस हवा आणि तो उतरवण्याचं काम फ्रेशक्लॅम वेगळं करत असतो. म्हणून स्क्रिप्टने व्हीएआर/लिब/क्लॅमएव्हीमध्ये ‘मेन’ आणि ‘डेली’ या फाइली दिसेपर्यंत थांबायचं आणि मग डीमन सुरू करायचा. इंटरनेट बंद असलेल्या सर्व्हरवर त्या कधीच येत नाहीत, तिथे आतला मिरर (त्या फाइलींची नक्कल ठेवणारा सर्व्हर) लागतो. शिवाय क्लॅमडी, म्हणजे तोच डीमन, एकटाच एक जीबीहून जास्त मेमरी खातो. एक जीबीच्या व्हीपीएसवर कर्नल कोणत्या तरी प्रोसेसला मारतोच, आणि ते तुमचं मायएसक्यूएलही असू शकतं.

व्यावसायिक एजंट असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. हार्डनिंग केलेल्या सर्व्हरवर टेंप फोल्डर बऱ्याचदा नोएक्झेकने (तिथून काही चालवता येणार नाही असा) माउंट असतो आणि तिथे स्वतःला उलगडून चालवणारा इन्स्टॉलर पडतो. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला किंवा न ओळखलेल्या सहीचा कर्नल मॉड्यूल लोड होत नाही. एजंट ‘रनिंग’ म्हणतो, संरक्षण अर्धंच.

एकाच रात्री सगळे नकोत

पहिल्या रात्री दोन बिनमहत्त्वाचे सर्व्हर. दोन-तीन दिवस बघा, त्यात एक महिनाअखेर किंवा बॅकअपची रात्र आली तर उत्तम. मग पाच, मग दहा. क्लस्टरचे दोन्ही नोड किंवा दोन्ही डीसी एका रात्रीत कधीही नाही.

१९ जुलै २०२४ची सकाळ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक सदोष कंटेंट फाइल भारतीय वेळेनुसार ९:३९ला सुटली, १०:५७ला मागे घेतली गेली, आणि तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली. ते इन्स्टॉल नव्हतं, रोजचं अपडेट होतं. म्हणून इन्स्टॉल टप्प्याटप्प्याने करून भागत नाही. कन्सोलवर अपडेटची पॉलिसीही टप्प्यांची करता येते का ते आत्ताच बघा. त्या दिवशी बहुतेक मशीनना सेफ मोडमध्ये नेऊन फाइल काढावी लागत होती, आणि ज्यांच्या बिटलॉकरच्या (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीच्या) रिकव्हरी की हाताशी नव्हत्या ते तिथेच अडले. त्या की कुठे आहेत हे पहिल्या रात्रीच्या आधी माहीत हवं. व्हीएम असेल तर स्नॅपशॉट घ्या, पण डीसीच्या बाबतीत स्नॅपशॉटवर विसंबू नका, सिस्टिम स्टेट बॅकअप घ्या.

अनइन्स्टॉलची स्क्रिप्ट इन्स्टॉलच्याच दिवशी लिहा आणि चालवून बघा. टँपर प्रोटेक्शन चालू असताना एजंट काढता येत नाही. कन्सोलवरून ते बंद करायला किती मिनिटं लागतात हे शांत दुपारी मोजून ठेवा.

बसलं का खरंच

सर्व्हिस चालू, कन्सोलवर मशीन हिरवं, योग्य ग्रुपमध्ये, सिग्नेचर आजची. एवढं स्क्रिप्टने तपासलं तरी एक चाचणी उरते: आयकारची फाइल. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी ओळ सगळी अँटिव्हायरस व्हायरस म्हणून पकडतात, ती त्यासाठीच बनवली आहे. स्क्रिप्टमध्ये ती अखंड लिहू नका, दोन तुकडे जोडून फाइल बनवा, नाहीतर काही इंजिनं तुमची स्क्रिप्टच उचलतात. एक फाइल साध्या फोल्डरमध्ये टाका, ती गायब व्हायला हवी. दुसरी एक्सक्लूजनच्या फोल्डरमध्ये टाका, ती राहायला हवी. दुसरीही गायब झाली तर पॉलिसी पोचलेली नाही. चाचणी झाली की ती आठवणीने डिलीट करा.

कन्सोलवर दोन सर्व्हर आळीपाळीने एकाच नावाखाली दिसत असतील तर कोणीतरी एजंटसकट इमेज क्लोन केली आहे आणि दोघांचा आयडी एकच आहे. इमेजमध्ये एजंट ठेवायचाच असेल तर त्या प्रॉडक्टची आयडी पुसण्याची पद्धत वापरा.

एजंट बसूनही कन्सोलवर येतच नसेल तर फायरवॉलआधी घड्याळ बघा. घड्याळ फार सरकलेलं असेल तर सर्टिफिकेट अमान्य ठरतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे तसंही वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायला हवी. याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचे आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असं आहे. तेव्हा इन्स्टॉलचे लॉगही ‘सी:\स्टेज’मधून उचलून एका जागी जमा करा. ते जमले की फोल्डर पुसून टाका, टोकन त्याच लॉगमध्ये असू शकतं.

शेवटी स्क्रिप्टने लिहिलेली सीएसव्ही (निकालांची यादी) आणि सुरुवातीची शीट शेजारी-शेजारी ठेवून ओळी मोजा. आमच्याकडे शीटमध्ये ४२ सर्व्हर होते, सीएसव्हीत ४१. फेल एकही नव्हता, कारण बेचाळिसाव्याने उत्तरच दिलं नव्हतं. तो तिसऱ्या मजल्यावर एका कपाटात सापडला, चालू स्थितीत, सर्व्हर २००८वर. त्यावर चालणारी नवीन एजंटची आवृत्ती आता मिळत नाही, म्हणून सध्या त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या तोडलेल्या भागात) टाकलाय आणि ‘कोणाचा आहे’ या रकान्यात अजून प्रश्नचिन्हच आहे.